पायांचं नाहीये, बाबा

९ जानेवारी

बिट्टीला आज घरी आणलं.

दातांच्या सामानाचा व्यापारी दर वर्षी एक डायरी देतो. आजवर तिच्यात कुणाची कवळी कधी बनवून द्यायची एवढंच लिहिलं. यंदा घरातलं लिहायला घेतलंय, कारण घर लहान आणि भिंती पातळ. लेकीबद्दल काही बोलावं तर ते लेकीला ऐकू जातं, आणि तिला आधीच नको ते ऐकू येऊन झालंय.

मोजणीच्या ऑफिसात ती नकाशे काढते. नोव्हेंबरात तिची झोप उडाली. मग म्हणायला लागली की टेबलामागच्या भिंतीत माणसं बसलीत आणि दिवसभर माझ्याबद्दल बोलतात. आम्ही हसण्यावारी नेलं. एके दिवशी तिने कपाट सरकवलं आणि पट्टीने भिंत खरवडायला घेतली, तेव्हा ऑफिसातून फोन आला. तीन आठवडे दवाखान्यात काढले. आता आवाज गेले. रोज एक गोळी, न चुकता, बस्स.

आज जेवायला बसली, परत वाढून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तुमच्या मिशीला साच्याचं प्लास्टर लागलंय." हिने, बिट्टीच्या आईने, तोंड फिरवून डोळे पुसले. मी मिशी तशीच ठेवली.

१३ जानेवारी

मनाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. माणूस चांगला, पण बाहेर एवढी गर्दी की आत गेल्यावर आपण कुणाचा तरी नंबर चोरला असं वाटतं. त्यांनी विचारलं, "आवाज पूर्ण गेले?" बिट्टी पहिल्यापासून खरं बोलणारी. म्हणाली, "कुजबुज आहे. शब्द कळत नाहीत." त्यांनी गोळी दुप्पट केली. मला बरंच वाटलं. अर्धवट पक्की झालेली कवळी मीसुद्धा गिऱ्हाइकाच्या तोंडात जाऊ देत नाही.

१९ जानेवारी

जेवताना बिट्टी ताटावरून उठली. फिरून आली, बसली, परत उठली. ही म्हणाली, "अगं, खुर्चीत काटे आहेत का?" उभी राहिली तरी तेच. या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर. विचारलं तर म्हणते, "बसवत नाही."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे तर माझे पाय!

संध्याकाळी जरा टेकलो की माझ्या पोटऱ्यांच्या आत काहीतरी सळसळायला लागतं. दुखत नाही, खाजत नाही. हाडात कुणी सोडा वॉटरची बाटली फोडावी तसं. उठून चार पावलं टाकली की गेलं, बसलो की हजर. माझ्या आईलाही होतं. तिला सगळे भिंगरी म्हणायचे. मला नसांच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, रेस्टलेस लेग्ज, आणि झोपण्याआधी घ्यायला एक बारीकशी गोळी दिली. तेव्हापासून मी माणसांत बसायला लागलो.

खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. म्हणजे हे डोक्याचं नाही, आमच्या घरातलं आहे. पोरीने नाक आईचं घेतलं आणि पाय बापाचे.

२० जानेवारी

बिट्टीला समोर बसवून सगळं समजावलं. म्हणजे मी बसलो, ती उभी. म्हटलं, घाबरू नकोस, पोटऱ्या चोळ, टबात सोसवेल इतकं गरम पाणी घेऊन पाय बुडव, बघ कसं बरं वाटतं.

"पायांचं नाहीये, बाबा."

"मग कशाचं?"

तिने छातीवर हात ठेवला, मग पोटावर, मग सोडूनच दिला. मी म्हटलं, सुरुवातीला मलाही सांगता यायचं नाही. मी आहे ना.

२४ जानेवारी

रोज मी आणि बिट्टी सोसायटीच्या गेटपर्यंत चालून येतो. आज निघताना माझे पाय चांगलेच वळवळत होते, पहिल्या वळणावर मोकळे झाले. परत येऊन मी आरामात खुर्चीत पसरलो. बिट्टी मात्र चालतच राहिली, दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही ती थांबत नव्हती.

ही म्हणाली, "अहो, तुमचं दिवे लागल्यावर सुरू होतं. हिचं सकाळी डोळे उघडल्यापासून चालू आहे."

"तरुण रक्त आहे. जोर जास्त."

"आणि तुम्ही चाललात की तुमचं थांबतं."

ही पाळणाघरात काम करते. मी म्हटलं, तुझ्याकडे मूल रडलं की एक तर भूक, नाही तर लंगोट ओला. मोठ्या माणसांचं इतकं सोपं नसतं. त्यावर ही कपड्यांच्या घड्या घालत बसली, आणि त्यातल्या माझ्या शर्टाची घडी जरा जोरातच घातली.

२७ जानेवारी

आज मनाच्या डॉक्टरांकडे तयारीनिशी गेलो होतो. बसायच्या आधीच सांगितलं, "डॉक्टर, हिला माझाच पायांचा आजार आहे."

त्यांनी मान वर केली. बिट्टी कोपऱ्यात डुलत होती. "पाय नाहीत ते," ते म्हणाले. "आजार परत डोकं वर काढतोय. अस्वस्थपणा वाढला म्हणजे डोस कमी पडतोय." गोळी आणखी वाढवली. बिट्टीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला.

बाहेर येऊन मी हिला म्हटलं, "या माणसाला मन सोडून दुसरं काही दिसतच नाही."

"आणि तुम्हाला पाय सोडून," ही म्हणाली.

२९ जानेवारी

आज बिट्टीने माझा हात धरला. तळहात घामाने ओला. "बाबा, काहीही द्या. तुम्ही घेता ते द्या."

माझ्या गोळ्यांतली अर्धी दिली. एवढीशी तर असते, तिळाएवढी. मी गेली कित्येक वर्षं घेतोय, मला काय झालंय? नसांच्या डॉक्टरांना विचारायला हवं होतं खरं. पण ते परत तपासण्या सांगणार, त्यात आठवडा जाणार, आणि इकडे पोर तळमळतेय. हिला बोललो नाही. हिला उगाच फाटे फोडायची सवय आहे.

३ फेब्रुवारी

एका बाईंच्या कवळीत उजवा सुळा डावीकडे लावला. दातांचे डॉक्टर फोनवर आधी हसले, मग विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" मी म्हटलं, झकास.

अर्धीने फरक नाही. कालपासून अख्खी देतोय. मलाही पहिले काही दिवस जाणवलं नव्हतं.

७ फेब्रुवारी

बिट्टी चालता चालता थांबली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा थांबली, म्हणून मला वाटलं गोळी लागू पडली. पण तिने कान भिंतीला लावला होता.

"आलेत परत," ती म्हणाली. "या वेळी शब्द कळतायत."

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मी म्हटलंच होतं," आणि डोस आणखी वाढवला. माझ्या गोळीचा विषय निघाला नाही. त्यांनी विचारलं कुठे?

हे वाक्य लिहिलं आणि दोनदा वाचलं. खोडत नाही.

१० फेब्रुवारी

आता ती जेवतेही उभ्यानेच. घास घेते, फिरते, येऊन घास घेते. हिने रजा टाकली आहे आणि तिच्यामागे ताट घेऊन फिरते, लहानपणी फिरायची तशी. तेव्हा गंमत वाटायची.

आज बिट्टी म्हणाली, "बाबा, मला या अंगातून बाहेर काढा. आतून कुणीतरी कातडी ओढतंय, सगळीकडून. वेडी झाले तरी चालेल, पण मला एकदा बसू द्या."

मी तिच्या पोटऱ्या चोळून दिल्या. तिला पाय एका जागी ठेववत नव्हते, तरी तिने चोळू दिल्या. माझं मन राखलं असावं.

११ फेब्रुवारी

काही सुचत नाही. मी चुकत तर नाही ना? पण मग दुसरं काय असणार?

१५ फेब्रुवारी

दोन दिवसांनी लिहायला बसलोय.

परवा ही सामान आणायला गेली होती. पुढच्या खोलीत माझं काम चालू होतं. कवळीचे साचे पक्के व्हायला रुंद पातेल्यात उकळायला ठेवलेले असतात. आच बंद करून साचे काढले, पातेलं खाली उतरवलं, तेवढ्यात दारावर प्लास्टरची गोणी घेऊन माणूस आला. सही करून वळलो तर बिट्टी पातेल्यात उभी होती. दोन्ही पाय घोट्याच्या वरपर्यंत पाण्यात.

ओरडली नाही. मी उचलून बाहेर काढलं तेव्हा म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात, गरम पाण्याने बरं वाटतं."

पुढचं लिहवत नाही.

१८ फेब्रुवारी

मोठ्या दवाखान्यात आहे. दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत पट्ट्या. पाय उशीवर ठेवून हलायचं नाही अशी ताकीद.

ती पलंगावरून उतरते. भाजलेल्या पावलांवर उभी राहते आणि चालते. नर्स धावत येते, "अगं बाई, पाय जातील तुझे!" बिट्टी रडते, माफी मागते, आणि चालते. फरशीवर पट्ट्यांचे ओले ठसे उमटतात. वॉर्डातल्या बाकीच्या बायका तोंडावर पदर, चादर, जे हाताला येईल ते घेतात. आज तिला पलंगाला बांधलं. बांधल्यावर तिच्या घशातून जो आवाज आला तो मी जन्मात ऐकला नव्हता.

दुपारी इथल्या मनाच्या विभागातून एक डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, सर्दीने आवाज बसलेला. त्यांनी आधी पलंगाला बांधलेले पट्टे सोडायला लावले. मग चाकाची खुर्ची मागवली, बिट्टीला तीत बसवून पाय फळीवर ठेवले आणि वॉर्डबॉयला म्हणाल्या, "थांबायचं नाही. व्हरांड्यात फिरवत राहा." आणि स्वतः खुर्चीबरोबर चालत तिच्याशी बोलत राहिल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

१९ फेब्रुवारी

आज मला बोलावलं. ही आणि बिट्टीही होती. मी लगेच सुरू केलं, की आमच्याकडे आईपासून हे चालत आलंय, हिच्या पायांना...

डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. "काका, आधी तुमचं तुम्ही सांगा. मग तिचं ती सांगेल."

मी सांगितलं. त्यांनी एकेक विचारलं. पोटरीत गोळा येतो का, हाताला दगडासारखा लागतो का? नाही. तळवे बधिर, जळजळ, अंगात साखर? नाही. उभं राहून पाय जड होतात, सुजतात, आडवं झाल्यावर बरं वाटतं? उलट, आडवं झालं की जास्त. नुसती पाय हलवायची सवय, की आत काही होतं म्हणून हलवता? होतं म्हणून. सकाळी? सकाळी काहीच नाही. चाललं की? थांबतं.

"बरोबर. तुमचं रेस्टलेस लेग्जच आहे," त्या म्हणाल्या आणि बिट्टीकडे वळल्या. "तुला कुठे होतं?"

"सगळीकडे. आत."

"पायांत?"

"पाय नुसते चालायला लागतात."

"दिवसा की रात्री?"

"जागी असले की."

"चाललीस की थांबतं?"

"नाही. पण न चालणं त्याहून वाईट, म्हणून चालते."

"कधीपासून?"

"गोळी दुप्पट झाली, त्यानंतर चार-पाच दिवसांनी. प्रत्येक वेळी वाढवली की वाढलं."

हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. एवढं सरळ, एका दमात सांगता येण्यासारखं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"याला अकाथिसिया म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिसायला बाबांच्या आजारासारखा, पण वेगळा. हा औषधामुळे झालाय. आजार बळावला असं समजून तेच औषध वाढवत गेलं, की हाही वाढत जातो."

बिट्टीने विचारलं, "म्हणजे हे मी नाही?"

"तू नाहीस."

ती रडायला लागली. हिने तिचं डोकं पोटाशी धरलं.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याशिवाय आणखी काही औषध चालू होतं?"

"नाही," ही म्हणाली.

बिट्टीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघत होतो.

२० फेब्रुवारी

सकाळी व्हरांड्यात त्यांना गाठलं आणि सांगितलं. अर्धी कधी, अख्खी कधी, सगळं. गोळीची पट्टी खिशातून काढून दाखवली.

त्यांनी ती बराच वेळ बघितली. "काका, ही गोळी ज्या रसायनाची कमतरता भरून काढते, तेच तिच्या आजारात जास्त झालेलं असतं. तुमचे पाय शांत करणारं औषध तिचे आवाज चेतवू शकतं."

"म्हणजे ते आवाज मी आणले?"

"सगळं त्यानेच झालं असं म्हणता येणार नाही. पण हे काल सांगायला हवं होतं. काल रात्रीचं औषध मी हे माहीत नसताना लिहिलं."

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर काही तरी धरायला मिळालं असतं.

मागे वळलो तर ही उभी होती, हातात चहाचे दोन पेले. तिने मला आयुष्यात कमी टाकून बोललेलं नाही. आज एक पेला माझ्या हातात दिला आणि आत गेली.

२६ फेब्रुवारी

जुनं औषध कमी करत दुसरं सुरू केलंय, आणि तगमग कमी व्हायला आणखी एक गोळी. आज दुपारी बिट्टी पलंगावर झोपली. खरोखरची झोप, तोंड उघडं. मी स्टुलावर बसून बघत राहिलो.

भाजलेल्या विभागाचे डॉक्टर म्हणाले, मांडीची कातडी काढून तळव्यांना लावावी लागेल. डाव्या पायाची दोन बोटं वाचतील असं वाटत नाही. पहिल्या दिवशी इतकं खोल भाजलं नव्हतं. त्यावर चालल्याने गेलं.

आवाज आहेत. कमी, पण आहेत. नवीन औषधाला वेळ लागेल म्हणतात.

३ मार्च

संध्याकाळी तिच्याजवळ बसायचं माझ्याकडे असतं. माझे पाय काही दवाखाना बघून गप्प बसत नाहीत. उठलो, पलंगाच्या कडेने फेऱ्या घालायला लागलो. बिट्टीने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि चादर मुठीत आवळली.

ही मला बाहेर घेऊन गेली. "उद्यापासून संध्याकाळी तुम्ही येऊ नका."

"का?"

"तुम्ही चालायला लागलात की तिला वाटतं तिचं परत सुरू झालं. तिने मला सांगितलंय."

"मला का नाही सांगितलं?"

ही परत आत गेली.

६ मार्च

दुपारी गेलो. कातडी लावून झाली आहे. बोटं गेली. पलंगाला टेकून बसली होती, हात मांडीवर, स्वस्थ. तिला असं बसलेलं बघायला मी काय दिलं नसतं! आता बसली आहे, तर तिच्याकडे बघवत नाही.

म्हटलं, "बिट्टी, त्या गोळ्या मी द्यायला नको होत्या."

"मीच मागितल्या होत्या."

"तू आजारी होतीस. मी नव्हतो."

ती हळू म्हणाली, "गोळ्यांचं जाऊ द्या, बाबा. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पायांचं नाहीये. नंतरही सांगितलं. भिंतीतली माणसं अशीच करतात. माझ्याबद्दल सगळं त्यांनाच माहीत असतं. बोलत राहतात, ऐकून घेत नाहीत."

मी तिच्या पांघरुणाची कड सारखी केली. ती आधीच सारखी होती.

१४ मार्च

आज सोडलं. बिट्टी मावशीकडे गेली. मावशीचं घर तळमजल्यावर, आमच्याकडे जिना. कारण तेच सांगितलं सगळ्यांनी, आणि मी मान डोलावली. हीसुद्धा तिच्याबरोबर राहणार आहे. किती दिवस, ते ठरलेलं नाही. औषधं मावशीच्या कपाटात राहतील आणि बिट्टी स्वतः घेईल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालायला परत शिकावं लागेल. तोल जाईल, वेळ लागेल. नकाशांच्या ऑफिसाचा विषय अजून कुणी काढलेला नाही.

दवाखान्याच्या दारात पायऱ्या आहेत, खुर्ची खाली उतरेना. वॉर्डबॉय दुसरीकडे गेला होता. हिने माझ्याकडे बघितलं, मग बिट्टीकडे. बिट्टीने हात पुढे केले.

मी तिला उचललं. हलकी झालीये. माझ्या हातांत ती जराही हलली नाही.

पायरी उतरताना मी विचारलं, "कुठे होतंय?" आणि या वेळी गप्प राहिलो. तिला सांगायला वेळ लागला. मी दोन पायऱ्या उतरलो, तिसरीवर थांबलो.

"पावलं दुखतात, बाबा," ती म्हणाली. "फक्त पावलं."

मी तिला गाडीत ठेवलं. ही तिच्या शेजारी बसली आणि दार लावून घेतलं.